पेठांतली साहित्यफेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही काही जण पुण्याच्या पेठांतून चालतो आणि चालता चालता मराठी लेखनाच्या गोष्टी सांगतो. येणारे लोक आधी मेसेज करून शंका विचारतात. शंका त्याच असतात, आणि आम्ही दर वेळी उत्तर नव्याने टाइप करतो. कंटाळा आला म्हणून शेवटी एकदा सगळं लिहून काढलं. प्रश्न ज्या शब्दांत आले साधारण त्याच शब्दांत ठेवले आहेत. क्रमांक यासाठी दिलेत की एका उत्तरातून दुसऱ्याकडे बोट दाखवता यावं.

१. या फेरीत नक्की बघायला काय मिळतं?

बघायला कमी, ऐकायला जास्त. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दर वेळी कुणीतरी कॅमेऱ्याची मोठी बॅग घेऊन येतं आणि दुसऱ्या थांब्यापर्यंत त्याचा चेहरा पडतो. पेठांतले वाडे काही आगीत गेले, नदीकाठचे पुष्कळसे १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेले, उरलेल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. ज्या खोलीत एखादी कादंबरी लिहिली गेली तिथे आज साड्यांचं गोडाऊन असू शकतं.

मग चालायचं कशाला? अंतरासाठी. जोतीराव फुल्यांच्या घरापासून केसरी वाड्यापर्यंत पाय उचलून चाललं तर अर्धा-पाऊण तास लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याची मोठमोठी भांडणं एवढ्याशा टापूत झाली. भांडणारी माणसं एकाच मंडईत भाजी घेत होती, एकमेकांच्या दारावरून जात होती, आणि घरी जाऊन एकमेकांविरुद्ध लिहीत होती. पुस्तकात वाचताना हे लक्षात येत नाही, पायांना बरोबर कळतं. आमच्या फेरीचं सूत्र म्हणाल तर भांडण हेच आहे.

२. कुठे जमायचं, कुठे संपतं, किती चालावं लागतं?

जमायचं महात्मा फुले वाड्यापाशी, गंज पेठेत, सकाळी सात वाजता. गंज पेठेचं आजचं नाव महात्मा फुले पेठ. तिथून मंडई, दगडूशेठ गणपतीसमोरची भिडे वाड्याची जागा, आप्पा बळवंत चौक, हुजूरपागा, केसरी वाडा, भारत इतिहास संशोधक मंडळ, भरत नाट्य मंदिर, आणि शेवट टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या दारात. अंतर साडेचार-पाच किलोमीटर. थांबत, बोलत, चहा पीत गेलं की साडेतीन तास सहज जातात.

एक धोक्याची सूचना. 'फुले वाडा' आणि 'फुले मंडई' यांत दर वेळी दोघं-तिघं चुकतात. रिक्षावाल्याला नुसतं 'महात्मा फुले' सांगितलंत की तो मंडईत सोडतो. त्याची चूक नाही. मेट्रोने येणाऱ्यांनी मात्र मंडई स्थानकावरच उतरायचं आणि तिथून वाड्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं उलटं चालत यायचं. परत मंडईलाच यायचंय तर तिथेच भेटू का, असं विचारणारे असतात. भेटू नका. पहिला थांबा चुकवलात तर पुढची अर्धी भांडणं कळणार नाहीत.

३. मी फारसं वाचलेलं नाही. शाळेतल्या धड्यांपलीकडे काही नाही. चालेल?

चालेल. उलट धड्यांपुरतं वाचलेले लोक जास्त प्रश्न विचारतात. पुष्कळ वाचलेले लोक दुरुस्त्या सुचवतात, त्याही आम्हाला हव्याच असतात, फक्त चहाच्या वेळी.

४. फी किती?

नाही. चहा-पोह्यांचे पैसे ज्याचे त्याने.

५. सुरुवात फुले वाड्यापासून का? फुले समाजसुधारक होते, साहित्यिक कुठे होते?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त आवडतो, कारण तो एकोणिसाव्या शतकातही विचारला गेला होता. आणि विचारणारे साधेसुधे नव्हते.

आधी नुसती यादी बघा. 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चं, म्हणजे किर्लोस्करांच्या संगीत नाटकाच्या पंचवीस वर्षं आधीचं. ते मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेलं आणि तिथून नापसंत होऊन परत आलं. फुल्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा. १८७३ मध्ये 'गुलामगिरी', आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज. १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड'. शिवाय 'अखंड', म्हणजे अभंगाच्या वळणाची पद्यं. एवढं लिहिणाऱ्या माणसाला साहित्यिक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

अडचण भाषेची होती. फुल्यांचं गद्य बोलीच्या अंगाने जातं, वाक्य लांबत जातं, मधेच शिवीच्या टोकाला येतं. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केलं. त्यांचं मराठी घोटीव आणि डौलदार. त्यांनी फुल्यांच्या व्याकरणाची आणि लेखनाची जी टर उडवली ती वाचली की आजही अंगावर येते. चिपळूणकर १८८२ मध्ये बत्तिसाव्या वर्षाच्या आतच गेले. पण 'शुद्ध' मराठी कुणाचं हा वाद त्यांच्याबरोबर गेला नाही. मुलाखतीत 'न' चा 'ण' झाला तर हसणारी माणसं याच शहरात आज सकाळीही भेटतील.

वाड्यात फुल्यांची समाधी आहे, तुळशी वृंदावन आहे. हौद दाखवतो तेव्हा थोडा वेळ गप्प राहतो. १८६८ मध्ये फुल्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो हा. 'असूड' लिहिणाऱ्याने आधी काय केलं होतं हे तिथे उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

६. मंडईत साहित्याचं काय काम?

काम आहे. ही दगडी इमारत, तिचा तो टोकदार मनोरा, १८८६ मध्ये बांधून झाला. नाव होतं रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. फुले तेव्हाच्या नगरपालिकेत काही वर्षं सभासद होते आणि मंडईवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घालावा असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

पुढे विसाव्या शतकात एक शाळामास्तर, कवी आणि नाटककार नगरपालिकेत निवडून आला आणि त्याने खटपट करून या मंडईला फुल्यांचंच नाव दिलं. ते आचार्य अत्रे. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच नाव कोरलं गेलं, हा विनोद अत्र्यांना कळला नसेल असं मला तरी वाटत नाही. अत्र्यांची दुसरी भानगड क्रमांक १३ मध्ये येते.

७. भिडे वाडा सापडत नाही. मॅपवर आहे, पण तिथे काहीच नाही!

बरोबर आहे, वाडा नाही. दगडूशेठ गणपतीच्या समोर तो उभा होता, अतिशय जीर्ण. डिसेंबर २०२३ मध्ये तो राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती याच जागेवर, तात्याराव भिड्यांच्या वाड्यात.

रविवारी सकाळी तिथे दर्शनाची रांग असते, फुलवाले, नारळवाले, चपला सांभाळणारे. त्या गर्दीत रस्त्याच्या अलीकडे उभं राहून आम्ही मुक्ता साळवेच्या निबंधाबद्दल बोलतो. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली ही मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तिचं वय तेव्हा अवघं चौदा सांगितलं जातं. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न आहे. सरळ देवालाच विचारते. निबंध आंतरजालावर मिळतो, चार-पाच पानांचा आहे, येण्यापूर्वी वाचून आलात तर गर्दीतही ऐकू येईल.

८. शनिवारवाडा का गाळला?

तो गाळलेला नाही, तो वेगळा विषय आहे. होनाजी बाळा, राम जोशी, अनंत फंदी यांना पेशवाईचा आश्रय होता. लावणी आणि पोवाडा यांची फेरी काढायची तर ती तिथूनच काढावी लागेल. पण आमची फेरी छापलेल्या मराठीची. ती १८४८ च्या आसपास सुरू होते. पेशवाईतली एक भानगड मात्र शेवटाकडे पाठलाग करत येतेच, क्रमांक १२ बघा.

९. आप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायची आहेत. किती वेळ देता?

दहा मिनिटं, आणि रविवारी तिथली पुष्कळ दुकानं बंद असतात. हे ऐकून लोक चिडतात. साहित्यफेरी रविवारी काढता आणि पुस्तकांचा चौक बंद? पण आठवड्याच्या मधल्या दिवशी त्या चौकात पंधरा माणसांनी कोंडाळं करून उभं राहणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. जूनमध्ये तर शाळेच्या पुस्तकांसाठी आलेले पालकच एवढे असतात की तुम्हाला लेखकाचं नाव ओरडून सांगावं लागतं. पुस्तकांसाठी वेगळ्या दिवशी या, एकटे या, आणि दुपारची एक ते चार ही वेळ टाळा. या विनोदाला आता आम्हीही कंटाळलो आहोत, पण काही शटरं खरोखरच खाली असतात.

चौकाचं नाव आप्पा बळवंत मेहेंदळ्यांवरून, पेशवाईतल्या सरदारावरून. 'एबीसी' म्हणणाऱ्या निम्म्या पोरांना हे माहीत नसतं आणि त्यांचं काही अडतही नाही.

१०. आनंदाश्रम म्हणजे आश्रम आहे का? आत जाता येतं?

आश्रम वगैरे काही नाही. महादेव चिमणाजी आपटे या वकिलांनी १८८८ च्या सुमारास संस्कृत ग्रंथ जमवायला, तपासायला आणि छापायला काढलेली ही संस्था. आप्पा बळवंत चौकाला लागूनच. आत जायचं तर कार्यालयात विचारून. पंधरा जणांचा घोळका घेऊन आम्ही शिरत नाही, दारातून बोलतो.

आमचा रस महादेवरावांच्या पुतण्यात. हरी नारायण आपटे. आनंदाश्रमाचं काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. म्हणजे दिवसा संस्कृत पोथ्यांच्या मुद्रणप्रती आणि उरलेल्या वेळात मराठी कादंबरी. 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणे वैभव' पत्रात क्रमशः येऊ लागली. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' आठवड्याआठवड्याने छापली. यमू स्वतःच्या तोंडाने स्वतःची कहाणी सांगते. लहानपण, लग्न, पुण्या-मुंबईतला थोडा सुखाचा काळ, वैधव्य, आणि मग केशवपन. पुढच्या अंकात यमूचं काय होणार म्हणून वाचक थांबलेले असत. आजच्या मालिकांचं हे जुनं रूप, फक्त तेव्हा प्रेक्षकांच्या स्वतःच्या घरातच माजघरात एखादी यमू बसलेली असे आणि पुरुषमंडळी ओसरीवर तिची गोष्ट वाचत.

फेरीतला मला स्वतःला सर्वांत जवळचा थांबा हा. एकदा एक सत्तरी ओलांडलेल्या बाई इथे थांबल्यावर म्हणाल्या, माझ्या आत्याचं नाव यमूच होतं. पुढे काही बोलल्या नाहीत. चौकातली बस निघून जाईपर्यंत आम्हीही बोललो नाही.

११. सगळे पुरुषच दिसतात. बायकांनी काही लिहिलं नाही का?

लिहिलं, आणि फेरीच्या मधला तासभर आम्ही त्यांनाच देतो. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. मुक्ता साळवे क्रमांक ७ मध्ये आल्याच आहेत. १८८२ हे वर्ष तर लक्षात ठेवण्यासारखं. त्या वर्षी ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापली गेली. ताराबाई बुलढाण्याच्या. पुस्तक एवढं तिखट की सत्यशोधकांतल्याही काहींना झोंबलं, आणि फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला, त्यांचं 'स्त्रीधर्मनीति' छापून झालं.

दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, हुजूरपागेची शाळा सुरू झाली. हुजूरपागा म्हणजे पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा, त्या जागेत मुली शिकू लागल्या. लक्ष्मी रस्त्यावर शाळेच्या दारापाशी आम्ही थांबतो. शांता शेळके याच शाळेच्या. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) मधला एक प्रसंग इथे सांगतो, पण तो इथे लिहीत नाही. तो ऐकायला या.

१२. केसरी वाड्यात टिळक-आगरकरांचं भांडण झालं ती खोली दाखवता का?

अशी खोली नाही, आणि असूही शकत नाही. 'केसरी' निघाला ४ जानेवारी १८८१ ला, पहिले संपादक आगरकर. आधी समाजसुधारणा की आधी राजकारण, यावरून बिनसलं. आगरकर १८८७ मध्ये 'केसरी' तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढलं. १८९५ मध्ये ते गेले. नारायण पेठेतला हा गायकवाड वाडा टिळकांनी घेतला तो १९०५ मध्ये. म्हणजे आगरकर गेल्यावर दहा वर्षांनी. या वाड्याच्या अंगणात उभं राहून दोघांचे संवाद रंगवणारे व्हिडिओ फिरत असतात, ते मनावर घेऊ नका.

इथे टिळकांचं संग्रहालय आहे, ते जरूर बघा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. आगरकरांचं सांगायचं तर तुरुंगातलंच पुस्तक त्यांचंही आहे: 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'. ते १०१ दिवस दोघांनी एकत्र काढले होते. आणि आगरकर जिवंत असताना पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. त्यांना ती घरातून बघावी लागली. मतभेदाची ही पुणेरी पद्धत.

तीच पद्धत ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी भरत नाट्य मंदिरात परत दिसते. १६ डिसेंबर १९७२ ला तिथे विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' चा पहिला प्रयोग झाला. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, दिग्दर्शक जब्बार पटेल. पेशवाईतल्या नाना फडणवीसांना लंपट दाखवलं म्हणून गदारोळ झाला, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं. कलावंत बाहेर पडले, थिएटर ॲकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. खरा घाशीराम, पेशवाईतला पुण्याचा कोतवाल, १७९१ मध्ये पुण्यात जमावाच्या दगडांनी मेला. नाटकाच्या वेळी दगड शब्दांचे होते एवढाच फरक.

१३. साहित्य परिषदेत बघण्यासारखं काय?

सभागृहाचं नाव. 'माधवराव पटवर्धन सभागृह'. माधवराव म्हणजे माधव ज्यूलियन, फारसी-मराठी शब्दकोशकार, छंदःशास्त्रज्ञ आणि प्रेमकवी. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे, नाट्यछटावाले दिवाकर. कविता चहाबरोबर वाचायची, गाऊन दाखवायची, गावोगाव काव्यगायन करायचं. लोकांना वेड लागलं.

मग १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' आलं. कवी केशवकुमार, म्हणजेच अत्रे, तेव्हा पुण्यातच शाळेत शिकवत होते. या मंडळींच्या कवितांची विडंबनं करून त्यांनी अख्ख्या पिढीला हसवलं. गंमत अशी की आज त्या मंडळातल्या कित्येक मूळ कविता वाचकाला विडंबनामुळेच माहीत असतात.

परिषद स्थापन झाली २७ मे १९०६ ला. रविवारी आपण बाहेरून बघतो. ग्रंथालय वापरायचं असेल तर कामाच्या दिवशी या.

१४. पहिलं साहित्य संमेलन पुण्यात झालं म्हणतात. ती जागा दाखवता का?

जागा हिराबाग, टिळक रस्त्यावरच पुढे. मे १८७८ मध्ये लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी ग्रंथकारांना बोलावलं, अध्यक्ष रानडे. तेव्हा त्याला 'ग्रंथकार सभा' म्हणत. पाय शिल्लक असतील ते शेवटी आमच्याबरोबर तिथवर येतात.

पण खरी गोष्ट दुसऱ्या सभेची, १८८५ ची. रानड्यांनी फुल्यांनाही निमंत्रण धाडलं. फुल्यांनी पत्राने कळवलं की येत नाही. ज्यांना सगळ्यांचे मानवी हक्क मनापासून द्यायचे नाहीत त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तकं आमच्या सभांशी आणि पुस्तकांशी जुळत नाहीत, असा त्या पत्राचा आशय. घालमोड्या दादांच्या सभेत आम्ही कशाला यायचं, हा त्यातला शब्द. आता क्रमांक ५ मधला प्रश्न परत वाचा. 'साहित्यिक कुठे होते' म्हणणाऱ्यांनी त्यांना साहित्यिक म्हणूनच बोलावलं होतं, आणि त्यांनी साहित्यिक म्हणूनच नकार दिला.

१५. पु.लं.चं घर आहे का फेरीत?

नाही. पु. ल. देशपांडे पुण्यात राहिले ते भांडारकर रस्त्यावर, आधी 'रूपाली' आणि नंतर 'मालती-माधव'. नदीपलीकडे. रविवारची फेरी पेठांतली असल्यामुळे तिकडे जात नाही. स्वतः गेलात तर बाहेरून नमस्कार करून या, लोक राहतात तिथे. बेल वाजवू नका. वाजवणारे असतात.

१६. गदिमा, व्यंकटेश माडगूळकर?

तेही पेठांबाहेर. 'गीतरामायण' ऐकत मोठी झालेली माणसं हा प्रश्न विचारतात. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं गेली, गीत गदिमांचं, संगीत सुधीर फडक्यांचं. केंद्र शिवाजीनगरला, गदिमांची 'पंचवटी' मुंबई-पुणे रस्त्यावर वाकडेवाडीला. व्यंकटेश माडगूळकरही याच आकाशवाणीत नोकरीला होते. या सगळ्यांना जोडणारी फेरी पायी होत नाही. दुचाकीवर होते.

१७. संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा?

राम गणेश गडकऱ्यांचा तो अर्धपुतळा १९६२ मध्ये बसवला होता. जानेवारी २०१७ मध्ये एका रात्रीत तो उखडून मुठेत टाकण्यात आला. 'राजसंन्यास' या त्यांच्या नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावरून. फेरीत तो थांबा नाही. विषय निघाला की मी दोन गोष्टी सांगतो: 'राजसंन्यास' गडकऱ्यांच्या हातून अपुरंच राहिलं, आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या किती जणांनी ते वाचलं आहे हे विचारून बघा.

१८. इतिहास संशोधक मंडळ इतिहासाचं, साहित्याचं कुठे?

राजवाड्यांमुळे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९१० मध्ये मंडळ काढलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' च्या प्रस्तावना म्हणजे मराठी गद्याचा वेगळाच मासला. विद्वत्ता आणि संताप एकाच वाक्यात. पुढे मंडळाशीच बिनसलं आणि ते धुळ्याला गेले. भांडणांच्या फेरीत त्यांना वगळून कसं चालेल? ते सदाशिव पेठेतलं मंडळ भरत नाट्य मंदिराच्या जवळच आहे, त्यामुळे वेगळं चालणंही नाही.

१९. वाड्यात शिरून फोटो काढता येतात का?

सार्वजनिक जागी तिथले नियम पाळून काढा. खाजगी वाड्यात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. वाळत घातलेल्या कपड्यांचे, पाणी भरणाऱ्या बायकांचे 'जुनं पुणं' म्हणून फोटो काढणाऱ्यांना आम्ही परत बोलावत नाही.

२०. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की आमच्या वाड्यात अमुक लेखक राहायचे. तुम्ही का सांगत नाही?

कारण तसं सांगणारे प्रत्येक गल्लीत भेटतात. काही खरे असतात. पुण्यात लेखक भाड्याने राहत, आणि खोल्या सारख्या बदलत. महापालिकेने नामवंतांच्या घरांवर निळ्या पाट्या लावल्यात, त्या बघत चला. पाटी नसेल तर जुन्या पत्रांवरचा पत्ता, मासिकाच्या अंकावरचा पत्ता किंवा आत्मचरित्रातला उल्लेख असा काहीतरी कागद लागतो. कागद असेल तर आम्हाला जरूर दाखवा. आप्पा बळवंत चौकापलीकडे उभं राहून अर्धा तास त्यावर बोलू.

२१. आई पंचाहत्तरची आहे. मुलगा नऊ वर्षांचा. दोघांना आणू?

आईंना हुजूरपागेपर्यंत आणा, पुढे रिक्षाने थेट टिळक रस्त्यावर भेटा. रस्त्यात बसायला जागा फार नाही. स्वच्छतागृह मंडईत आहे, पण घरून जाऊन येणं हेच उत्तम. नऊ वर्षांचा मुलगा आगरकरांच्या जिवंतपणीच्या प्रेतयात्रेपाशी जागा होतो, असा अनुभव आहे. त्याआधी त्याला भूक लागते.

२२. पावसात, गणपतीत, पालखीच्या वेळी फेरी असते का?

पावसात असते, छत्री नको, रेनकोट आणा. फुटपाथवर पंधरा छत्र्या उघडल्या की पाठीमागच्यांना काहीच ऐकू येत नाही. गणपतीच्या महिन्यात फेरी नाही. दगडूशेठसमोर उभं राहून कुणाला काय ऐकवणार? पालख्या शहरात मुक्कामाला असतात तो रविवारही सोडतो.

२३. मी बाहेरगावी राहतो, एका मंगळवारी पुण्यात आहे. एकट्याने करता येईल?

येईल, आणि मंगळवारी दुकानं, ग्रंथालयं उघडी असल्याने तुमचीच फेरी जास्त चांगली होईल. क्रम क्रमांक २ मधला ठेवा. फक्त बुधवार पेठेत पुणे नगर वाचन मंदिर अधिक धरा. १८४८ पासूनचं ग्रंथालय, म्हणजे भिडे वाड्यातल्या शाळेच्याच वयाचं. खिशात मुक्ता साळवेचा निबंध, फुल्यांचं १८८५ चं पत्र आणि 'झेंडूची फुले' ठेवा. निबंध दगडूशेठसमोर वाचा, पत्र हिराबागेत. 'झेंडूची फुले' साहित्य परिषदेच्या पायरीवर, आणि तिथे मोठ्याने हसू नका, आत बहुतेक कुणाचं तरी व्याख्यान चालू असतं.